गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : तपासणीचा पैसा फॅमिली डॉक्टरपर्यंत का पोचला नाही

पुण्यात जनता वसाहत घ्या नाहीतर येरवडा, घरकाम करणारी बाई दुखलंखुपलं की संध्याकाळी कामं उरकून गल्लीतल्या डॉक्टरकडेच जाते, अंगावर पांढरं जातंय हेही तिथेच हळू आवाजात सांगते, कारण सरकारी हॉस्पिटल म्हणजे सकाळची लाईन आणि कामाला खाडा. पण तपासणीचा पैसा या दवाखान्यापर्यंत कधी आलाच नाही.

तपासणीने जीव वाचतो याचा पुरावा तर महाराष्ट्रातलाच आहे आणि याचा खरंच अभिमान वाटतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीडेक लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं, त्या गर्भपिशवीच्या तोंडाला ४ टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच, लावायच्या, एक मिनिट थांबायच्या आणि पांढरा डाग उठला की पुढे पाठवायच्या. बस एवढंच, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले! तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलसोबत १९९९ ला सुरू झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी, केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

पैशाचं उदाहरण मात्र ब्रिटनचं. तिथे १९८८ ला बायकांना घरी पत्र पाठवून बोलवायला लागले आणि १९९० पासून फॅमिली डॉक्टरला टार्गेटवर पैसे, ८० टक्के बायकांची तपासणी झाली तर जास्त, ५० टक्के बायकांची झाली तर कमी, त्याखाली काहीच नाही. तपासणी झालेल्या बायका १९८८ ला ४२ टक्के होत्या, त्या १९९४ ला ८५ टक्के झाल्या. पण गरीब वस्तीतल्या डॉक्टरांना ८० गाठणं जड जायचं म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच पैसा कमी, ही चूक आपण उचलायला नको.

आपल्याकडे २०१६ च्या गाईडलाईनमध्ये ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर ५ वर्षांनी तपासणी लिहिलीय, पण ती सरकारी केंद्रांवर. २०१८ च्या आयुष्मान कार्डाचे ५ लाख अ‍ॅडमिट झाल्यावर, म्हणजे कॅन्सर झाला की पैसा आहे, होऊ नये म्हणून नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ मधल्या फक्त १.९ टक्के बायकांची कधीतरी तपासणी झालेली.

बाहेरच्या खासगी डॉक्टरला सरकारी योजनेतून पैसे देणं आपल्याला नवीन पण नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेचे पॅनेल डॉक्टर कामगारांना माणशी ठरलेल्या रकमेवर बघत आलेत. घरकामवाल्या बायका त्यात बसत नाहीत, आणि छोट्या दवाखान्यात पडदा, टेबल, चांगला लाईट आणि एक ट्रेन केलेली सिस्टर लागते, तेव्हा या डॉक्टरांसाठी तपासणीचा दर ठरवताना हा खर्च आणि डाग दिसलेल्या बाईला पुढच्या हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च दोन्ही धरावे लागतील.