क्वांटम कॉम्प्युटरचा गुंता आणि जमा-नावे

गेले दोन महिने ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये मी क्वांटम कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघतोय. जवळपास सगळे हेच सांगतात की साध्या कॉम्प्युटरचा बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा, 0 किंवा 1 असतो, क्वांटम कॉम्प्युटरचा बिट म्हणजे क्यूबिट एकाच वेळी दोन्ही असतो, म्हणून तो सगळी उत्तरं एकदम तपासतो. माझी गाडी तिथेच अडायची. कारण क्यूबिट मोजला की हातात एकच पडतं, 0 किंवा 1, मग बाकीची उत्तरं गेली कुठे आणि बरोबर तेच हाती येईल हे कशावरून?

मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, ते 'एकदम तपासतो' आधी डोक्यातून काढा," आणि वही घेऊन बसली.

नाणं एकदा उडवा, छापा-काटा निम्मे-निम्मे. परत उडवा, तरी निम्मे-निम्मेच. क्यूबिटवर हॅडमार्ड नावाची एक क्रिया करतात. 0 वर ती एकदा केली आणि मोजलं तर नाण्यासारखंच, निम्म्या वेळा 0, निम्म्या वेळा 1. पण मध्ये न मोजता तीच क्रिया परत केली तर, यंत्राची चूक सोडली तर, दर वेळी 0 च येतो! नाण्याला हे कधीच जमणार नाही.

कारण क्यूबिटच्या हिशोबात शक्यतांच्या आधी एक वेगळा आकडा असतो, अँप्लिट्यूड, आणि शक्यता कधी उणे नसते पण हा आकडा उणे असू शकतो. क्रिया दोनदा केली की 1 कडे जायच्या दोन वाटा, मध्ये 0 वरून किंवा मध्ये 1 वरून, एकीवर अर्धा, दुसरीवर उणे अर्धा, बेरीज शून्य. 0 कडच्या दोन्ही वाटांवर अधिक अर्धा, बेरीज 1. शेवटी बेरजेचा वर्ग केला की शक्यता मिळते. मी 22 वर्षं अकाउंट्समध्ये आहे, 500 जमा आणि 500 नावे पडले की त्या खात्यात शिल्लक उरत नाही हे मला कुणी शिकवायला नको, पण निसर्ग असा हिशोब ठेवतो हे बघून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

रविवारी तलावपाळीला गेलो तेव्हा दोन बोटींच्या लाटा एकमेकीत शिरताना दिसल्या, कुठे पाणी उंच उठत होतं, कुठे क्षणभर सपाट होत होतं. तेच गणित.

म्हणजे खरी कारागिरी चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी मांडणी करण्यात आहे. दिल्ली आयआयटीत शिकलेल्या लव ग्रोव्हर यांनी 1996 मध्ये अशीच एक रीत शोधली. 10 लाख नावांच्या विस्कळीत यादीतून एक नाव शोधायला एरवी सरासरी 5 लाख वेळा बघावं लागतं, त्यांच्या रीतीने साधारण 800 पावलं पुरतात, दर पावलाला बरोबर उत्तराचा आकडा थोडा वाढतो, बाकीचे घटतात. पण प्रत्येक प्रश्नासाठी अशी रीत सापडलेली नाही, आणि हे व्हिडिओवाले सांगतच नाहीत याचा मला खरंच राग येतो.

शिवाय हा हिशोब फार नाजूक असतो, बाहेरची जराशी उष्णता लागली तरी बिघडतो. म्हणून सुपरकंडक्टिंग, म्हणजे वीज विनाअडथळा वाहून नेणाऱ्या पदार्थाचे, क्यूबिट उणे 273 अंशांच्या आसपास ठेवतात. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असे क्यूबिट बनतात, 2024 मध्ये संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओसोबत त्यांनी 6 क्यूबिटचा प्रोसेसर तपासला.

आता वहीत पुढचं पान आहे. 10 क्यूबिटना 1024 अँप्लिट्यूड लागतात, 30 ना 107 कोटींच्या वर, आणि दोन क्यूबिट गुंतले की प्रत्येकाचं वेगळं खातं मांडताच येत नाही म्हणे. दोघांचं मिळून एकच खातं असतं. त्यावर मी अजून अडलोय.