नांदण्याचा हक्क आणि घरपट्टीवरचं नाव

कोकणातल्या तालुक्याच्या कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दाखल होतो, तेव्हा त्यातली सगळ्यात चिवट मागणी घराची असते. नवऱ्याला शिक्षा व्हावी की नाही, पोटगी किती मिळावी, याबद्दल बाईचं मन पुढेमागे होतं. पण "मला घरातून काढू नका" हे ती शेवटपर्यंत धरून असते. ही मागणी इतकी मध्यवर्ती का झाली आणि कायद्याला ती ऐकू यायला इतका उशीर का लागला, हे समजायचं तर इथलं घर कसं उभं राहिलं तिथून सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्याने त्यांना माणसं पुरवली. पुरुष गिरणगावात, गाळ्यात दहा-पंधरा जणांत मिळून राहायचे, खानावळीत जेवायचे. बायको गावी भातशेती, गुरं, म्हातारी माणसं सांभाळायची. या घडीच्या खुणा अजून दिसतात: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गातही हजारांहून जास्त. त्या घडीत लग्न झालेली बाई वर्षातले दहा-अकरा महिने नवऱ्याबरोबर राहतच नसे. ती सासू-सासरे, दीर-जावा यांच्याबरोबर राही. नवरा शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला यायचा. त्याच्या गैरहजेरीत मनिऑर्डर सासऱ्याच्या हाती पडायची आणि सुनेबद्दलच्या तक्रारी पत्रातून मुंबईला जायच्या. रजेवर आलेल्या नवऱ्याने त्या तक्रारींचा हिशोब चुकता केला, की मारणारा हात एकटा त्याचा होता असं म्हणणं अर्धंच खरं ठरतं.

त्याच काळातल्या दोन गोष्टी थोडक्यात. १८८४ ते १८८८ या काळात मुंबई उच्च न्यायालयात गाजलेल्या खटल्यात, लहानपणी लग्न लावून दिलेल्या तरुणीने नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८७ साली कोर्टाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सुनावलं. १८९३ मध्ये दापोलीजवळच्या मुरूडच्या एका प्राध्यापकाने विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने बहिष्कार टाकला आणि त्याची झळ गावातल्या घरच्यांनाही बसली. एका ठिकाणी कोर्ट बाईला घरात ढकलत होतं, दुसऱ्या ठिकाणी गाव घराचं दार बंद करत होतं. बाईने राहायचं कुठे हे दुसरं कोणीतरी ठरवणार, हे दोन्हीकडे गृहीतच होतं.

पुढचा मोठा टप्पा १९८३ चा. १९७२ साली विदर्भातल्या एका पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर जो संताप उसळला, त्यातून फौजदारी कायदा बदलू लागला. १९८३ च्या अखेरीस नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाला शिक्षा देणारं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ आलं (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. शहरातल्या चळवळीच्या नजरेसमोर तेव्हा होती रॉकेल ओतून जाळलेली सून, आणि ते अगदी रास्त होतं. पण ४९८अ चा रस्ता पोलीस ठाण्यातून अटकेकडे जात होता. सासरा आणि दीर आत गेल्यावर त्याच घरात, त्याच चुलीवर संध्याकाळी भात कसा शिजवायचा, याचं उत्तर त्या कलमात नव्हतं. तक्रार दिली की घर सुटलं, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पोटगीचा आधार होता म्हणावा, तर फौजदारी संहितेतल्या पोटगीला केंद्राच्या कायद्यात महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती थेट २००१ साली उठली.

नेमक्या याच काळात घरं बदलत होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर हजारो कामगार गावी परतले. वर्षातून महिनाभर दिसणारा नवरा बारा महिने घरात बसला. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, आणि बऱ्याच घरांत दारू. ज्यांच्या हाती फंडाचे, ग्रॅच्युइटीचे किंवा पुढे ऐच्छिक निवृत्तीचे पैसे पडले, त्यांनी जुनं मातीचं घर पाडून जांभ्या चिऱ्याचं बांधलं, जमेल तसा वर स्लॅब टाकला. चिरे, वाळू, पाणी डोक्यावरून वाहणाऱ्यांत घरची सून होतीच. पण घरपट्टीवर नाव सासऱ्याचं.

हा तपशील वरवर किरकोळ वाटेल. २००६ साली मात्र सगळं त्याच्यावरच येऊन अडलं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्याने पहिल्यांदाच स्पष्ट म्हटलं, की बाई ज्या सामाईक घरात नांदते किंवा कधीकाळी नांदली आहे, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. घरावर तिचं किंवा नवऱ्याचं नाव असो वा नसो. शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही हिंसेत मोजला. कोकणातल्या सासुरवाशिणीसाठी इतक्या मापात बसणारा कायदा आधी झाला नव्हता. आणि कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याचा गाभा आक्रसून टाकला.

प्रकरण दिल्लीचं, घर सासूच्या नावावरचं. न्यायालयाचं म्हणणं असं, की "कधीही नांदलेलं घर" हे शब्द जसेच्या तसे घेतले, तर जोडपं जिथे जिथे राहिलं त्या काका-मामांच्या घरांवरही सून हक्क सांगेल आणि गोंधळ माजेल. व्याख्येचं लेखनच ढिसाळ आहे. म्हणून सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं, किंवा तो ज्याचा सदस्य आहे अशा एकत्र कुटुंबाचं घर, एवढंच. या निकालाच्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही. आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधलेल्या म्हाताऱ्याला मुलाच्या मोडलेल्या संसाराचा भार का, हा प्रश्न खोटा नाही. पण दिल्लीतल्या एका घरावरून ओढलेली रेघ कोकणात कशी उमटली ते पाहायला हवं.

नवऱ्याच्या मालकीचं घर? ते गावी क्वचितच असतं. भाड्याचं? ते मुंबईत, आणि तिथे ती कधी नांदलेलीच नाही. उरलं एकत्र कुटुंबाचं घर. आजा-पणजाच्या नावावर राहिलेलं, वाटप न झालेलं मातीचं घर असेल, तर सुनेच्या वकिलाला बोलायला जागा होती. पण तेच घर सासऱ्याने गिरणीच्या पैशातून चिऱ्याचं बांधलं असेल, तर "ही माझी स्वकष्टार्जित मिळकत, मुलाचा इथे काही संबंध नाही" एवढं म्हणणं पुरे. मुलाला "बेदखल केलं" अशी जाहीर नोटीस पेपरात द्यायची, मुलाने मुंबईत वेगळं राहतो असं सांगायचं, आणि सुनेला दार दाखवायचं. म्हणजे पडक्या घरातली सून घरात राहू शकत होती, आणि जिने स्वतः चिरे वाहून घर उभं केलं ती नाही. चौदा वर्षं हा अर्थ देशभरातल्या कोर्टांवर बंधनकारक होता. त्या काळात किती अर्ज यामुळे फेटाळले गेले आणि किती बायकांनी वकिलाचा सल्ला ऐकून अर्जच केला नाही, याची कुठे नोंद नाही. माझ्या मते या कायद्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नुकसान ते आहे.

मधल्या काळात एक कोंडी फुटली. तक्रार "प्रौढ पुरुषा"विरुद्धच करता येईल हे शब्द २०१६ मध्ये रद्द झाले, त्यामुळे सासू आणि नणंद प्रतिवादी होऊ शकतात का, हा वाद उरला नाही. नवरा मुंबईला असलेल्या घरात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शेवटी १५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००६ चा अर्थ चुकीचा ठरवला. घर नवऱ्याच्या कोणत्याही नातेवाइकाचं असो, ती तिथे काही एका स्थिरपणे नांदली असेल तर ते सामाईक घर. सासू-सासऱ्यांच्या शांतपणे जगण्याच्या हक्काचाही तोल कोर्टाने पाहावा, हेही त्यात आहे. दोनच महिन्यांनी आणखी एका निकालाने, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा हा हक्क परस्पर बुडवता येणार नाही, असं सांगितलं.

कोर्ट मात्र शेवटची पायरी. त्याआधी गावकी आहे. वाडीची बैठक बसते, मानकरी बोलतात, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा निरोप येतो. बाईला "समजूत" दिली जाते, नवऱ्याला दंड होतो आणि तो दंड गावच्या फंडात जमा होतो. २००७ मध्ये राज्याने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा या बैठकीला सरकारी चेहरा आणि बक्षिसाची आशा मिळाली. बांधाचे वाद मिटले हे चांगलंच झालं. पण ४९८अ चा गुन्हा तेव्हा कायद्याने तडजोडीला पात्र नव्हता. तो नोंदवण्याआधीच "घरगुती तंटा" म्हणून मिटवला, की कागदावर गाव शांत. ज्या बाईने ऐकलं नाही आणि पोलिसांत गेली, तिच्या माहेरच्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी होतीच. रायगड जिल्ह्यातून अशा बहिष्काराच्या तक्रारी इतक्या आल्या, की राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या कायद्याची चर्चा आंतरजातीय लग्नं आणि देवळाच्या मानपानापुरती होते. घरातल्या हिंसेविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईलाही तो लागू पडतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

अर्थात कोकण म्हणजे फक्त गिरणीवाल्यांची घरं नव्हेत. बंदरावर मासळी विकणाऱ्या गाबीत, कोळी बायकांच्या हातात रोजचा पैसा असतो, आणि भांडण बहुतेकदा त्या पैशावरून पेटतं. आखातात नवरा असलेल्या कोकणी मुसलमान घरांत फोनवरचा तलाक ही खरी भीती होती. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, पण राहतं घर टिकवायला तिथेही २००५ चाच कायदा उपयोगी पडतो, कारण तो धर्म पाहत नाही. रायगडच्या कातकरी बाईचं तर घरच दुसऱ्याच्या जागेत असतं आणि वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर जातात, तेही नवऱ्याने घेतलेल्या उचलीपोटी. भट्टीवरच्या झोपडीत राहण्याचा आदेश कोणाविरुद्ध मागायचा, याचं उत्तर सहज सापडत नाही.

आता घरापेक्षा जमिनीचे व्यवहार वेगाने होत आहेत. महामार्ग, बंगल्यांचे प्लॉट, किनाऱ्यावरची रिसॉर्टं यांनी सातबाऱ्याला भाव आला. भांडण कोर्टात गेलं की सासरा धाकट्या मुलाच्या नावे बक्षीसपत्र करतो किंवा घरासकट जागा विकून टाकतो. २००५ च्या कायद्याच्या कलम १९ खाली विक्रीला मनाई मागता येते, पण ती अर्जाबरोबर पहिल्याच तारखेला मागावी लागते. खरेदीखत झाल्यावर मागून फार काही हाती लागत नाही. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समन्स मुंबईच्या जुन्या पत्त्यावर जातं आणि परत येतं. या कायद्याखाली कोर्टाला अहवाल देणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अख्खा तालुका असतो, कधी दोन. २०२२ च्या निकालाने त्यांच्या अहवालाशिवायही कोर्टाला आदेश देता येतो हे स्पष्ट केलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज लिहून देणाऱ्यांनी विक्रीच्या मनाईची आणि अहवालावाचून अंतरिम आदेशाची अशा दोन्ही मागण्या पहिल्याच पानावर लिहायला हव्यात.