उसाचं घड्याळ आणि कालव्याचा उतार

ऊस तोडला की त्याच्या कांड्यात एक रासायनिक क्रिया वेग घेते. उभ्या उसात साठलेलं सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, इन्व्हर्टेज या विकरामुळे फुटू लागतं आणि त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे दोन्ही गोड असले तरी कारखान्याच्या कामाचे नाहीत. त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत, उलट ते दाणे पडण्यात अडथळा आणतात आणि शेवटी मळीत, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात, जातात. तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू आत शिरतात आणि रसात डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात. त्यातच ऊस वाळून वजनात घटतो. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असं कारखान्याचे रसायनतज्ज्ञ सांगतात. उन्हाळ्याकडे सरकताना हे नुकसान आणखी झपाट्यानं होतं.

महाराष्ट्राच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या राजकारणाचा मोठा भाग या चोवीस तासांवर उभा आहे, असं मला वाटतं.

ज्वारी, कापूस, हरभरा घरात ठेवता येतो. भाव पडला तर थांबता येतं, दुसऱ्या बाजारात नेता येतो. उसाचं तसं नाही. तोडल्यावर तो जवळच्याच कारखान्यात गेला पाहिजे, आणि तोडायचा कधी हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. आधी उसाची नोंद, मग तोडीचा कार्यक्रम, मग तोडणाऱ्या मजुरांची टोळी, मग गाडी. तोड लांबली की उसाला तुरा येतो, कांडं पोकळ पडतं, वजन घटतं. तोड एक महिना आधी मिळाली की शेत मोकळं होऊन पुढचं पीक वेळेवर घेता येतं. त्यामुळे स्लिपबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातातल्या कागदाला गावात वजन असतं. आपल्याला तोड उशिरा का आली आणि शेजाऱ्याला आधी कशी मिळाली, याचं उत्तर शेतकरी कारखान्याच्या निवडणुकीत शोधतो. काही जण तर वैतागून आपलाच उसाचा फड पेटवून देतात. जळित ऊस फार लवकर खराब होतो, त्यामुळे कारखान्याला तो तातडीनं उचलावा लागतो. भावात कपात होते, पण तोड मिळते. स्वतःचं वर्षभराचं पीक जाळून रांगेत पुढे जाणं, यावरून त्या रांगेवर कुणाचा ताबा आहे ते कळावं.

कायद्यानंही या चोवीस तासांच्या घड्याळाला मान्यता दिली. दोन कारखान्यांत किती हवाई अंतर हवं याचा नियम आहे, महाराष्ट्रात ते 25 किलोमीटर आहे. त्यामागचा हेतू कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा हा. पण त्याचा परिणाम असाही होतो की एकदा परवाना मिळालेल्या कारखान्याच्या अंगणात दुसरा सहजासहजी येत नाही.

पण मुळात अवर्षणप्रवण दख्खनमध्ये, जिथे अनेक तालुक्यांत वर्षाला 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे 2000 मिलिमीटरहून अधिक पाणी पिणारं पीक इतकं पसरलं कसं? त्यासाठी 1876–78 च्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं. त्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं पुणे, नगर, सोलापूर भागांत संरक्षक सिंचनाची कामं हाती घेतली. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला. कल्पना अशी की पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरी वाचावी आणि माणसं मरू नयेत.

कालवा झाला, पण महसूल येईना. काळ्या जमिनीत ओल टिकते, त्यामुळे बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला तयार नव्हता. दुष्काळी वर्षी मात्र सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं असायचं. बांधकामाचा खर्च निघावा हा आग्रह सरकारचा. मग बाराही महिने पाणी घेणारं आणि पाणीपट्टीचा भार सोसणारं पीक कोणतं, तर ऊस. दुष्काळ निवारणासाठी बांधलेला कालवा हिशेबाच्या वहीमुळे उसाचा झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. त्यांनी ब्लॉक पद्धत बसवली: ठरावीक क्षेत्राला काही वर्षांच्या कराराने पाण्याची हमी, आणि त्या क्षेत्राच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकी भुसार, म्हणजे धान्याची पिकं. पाणी अधिक गावांत पसरावं हा त्यामागचा विचार चांगलाच होता. पण ज्या जमिनीला ब्लॉक मिळाला ती कायमची वरच्या पायरीवर गेली.

कालव्याचं विज्ञान साधं आहे. पाणी उताराने वाहतं, त्यासाठी इंधन लागत नाही. पण याच गुणात असमानताही आहे. धरणापासून मुख्य कालवा, त्यातून वितरिका, त्यातून चारी, पोटचारी. वाटेत पाझरून आणि वाफ होऊन पाणी कमी होत जातं, आणि जो आधी बसलेला त्याला आधी मिळतं. शेवटच्या टोकाच्या शेतात पोचेपर्यंत आवर्तन, म्हणजे त्या पाळीत कालव्याला सोडलेलं पाणी, संपायला आलेलं असतं. रात्री अडीचला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, उभा असलेला टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी वरच्या बाजूला कुणी चारी फोडली असेल का, याचा अंदाज अंधारात पाण्याच्या आवाजावरून घेत असतो. हे टाळण्यासाठी टेलकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या वरच्या टोकाकडे, पाणी देण्याचा क्रम ठरवलेला असतो, शेजपाळीचे, म्हणजे पाळीपाळीने पाणी घेण्याचे, नियम आहेत, पाणी सोडणारा पाटकरी आहे. पण आवर्तनं किती आणि कधी, याची चर्चा ज्या कालवा सल्लागार समितीत होते तिच्या अध्यक्षस्थानी मंत्री असतात.

1950 साली प्रवरेच्या काठी, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. तोवर नगर जिल्ह्यात खासगी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला होता. सहकारात शेतकरी मालक झाला, एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. वैकुंठभाई मेहतांसारखे अर्थमंत्री पाठीशी उभे राहिले, सरकारने भागभांडवल घातलं, कर्जाला हमी दिली, परवाने देताना सहकाराला झुकतं माप दिलं. मी या प्रयोगाला मनापासून मोठा मानतो. खेड्यातल्या माणसाने यंत्र चालवलं, ताळेबंद वाचला, शाळा-दवाखाने काढले. सांगलीचा कारखाना उभा करणारे वसंतदादा पाटील 1977 साली मुख्यमंत्री झाले, आणि 1983 मध्ये त्यांच्याच काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली.

तरी एक प्रश्न राहतो. सभासद कोण? ज्याच्याकडे ऊस आहे तो. ऊस कुणाकडे? ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे. म्हणजे अभियंत्याने नकाशावर ओढलेली कालव्याची रेघ नकळत कारखान्याची मतदारयादीही ठरवून गेली. कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन तिच्याबाहेर राहिले. त्यातलेच लाखो लोक बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दर हंगामात मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन तोडीला येतात. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. गाळप रात्रंदिवस चालतं, कारण बॉयलर आणि मिल वारंवार बंद-चालू करणं परवडत नाही. म्हणून गाडी मध्यरात्री फडात आली तर मध्यरात्रीच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, थंडी असो की अंगात ताप. इन्व्हर्टेजच्या घाईची किंमत सगळ्यात जास्त इथे मोजली जाते, आणि या माणसांना त्या कारखान्यात मत नाही.

पुढे विजेचे पंप आले आणि उताराची मर्यादाही गेली. नदीतून वर पाणी उचलता येऊ लागलं, विहिरी खोल गेल्या. शेतीपंपाला मीटर न लावता हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी झाली. याचा अर्थ पंप एक तास चालवा की आठ, बिल तेच. पाणी जपून वापरण्याचं आर्थिक कारणच उरलं नाही. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने दाखवून दिलं होतं की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो.

तोच पंप वेगळ्या नियमांखाली काय करू शकतो, हेही महाराष्ट्रानेच पाहिलं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. मोटर, पाइप, उपसा सगळं बाजारात मिळतं तेच होतं. त्या पाण्याने गावात वेगळी माणसं उभी केली.

हा नियम राज्यभर का पसरला नाही, याचं उत्तर मला तंत्रात सापडत नाही. ज्यांना पाणी आधीच मिळालेलं होतं त्यांच्याच हातात नियम बदलण्याची सत्ता होती.

आता ठिबकचंच पाहा. 2017 साली राज्य सरकारने काही प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने पाणी वाचतं यात शंका नाही. पण ठिबकला रोज किंवा दिवसाआड थोडं पाणी लागतं आणि कालवा तीन-चार आठवड्यांनी एकदम भरपूर पाणी देतो. मधल्या दिवसांत पाणी साठवायला विहीर किंवा शेततळं हवं, ते उचलायला वीज हवी. ज्याच्याकडे हे सगळं आहे त्याच्याकडे ठिबक सहज येतं. ज्याच्याकडे फक्त चारीवरची पाळी आहे, त्याने सक्तीचा नियम पाळायचा कसा? कालव्याचं पाणी बंद पाइपने आणि दाबाखाली शेतापर्यंत न्यायचं ठरवलं तर हा पेच सुटू शकतो. काही प्रकल्पांत तशा वितरिका टाकल्याही जात आहेत. पाइपमधून वरच्याला चारी फोडता येत नाही, टेललाही दाब मिळू शकतो. मात्र व्हॉल्व्ह कुणाकडे राहणार, मीटरचा आकडा कोण वाचणार आणि कोणत्या पिकाला किती पाणी हे कोणत्या बैठकीत ठरणार, हे पाइप पुरण्याआधी लाभक्षेत्रातल्या प्रत्येक गावाने, टेलच्या गावांनी तर नक्कीच, विचारून घ्यायला हवं.