शंटिंग इंजिनाचं चाक जागच्या जागी फिरतंय? आधी वजन मोजून घ्या
(सायडिंग आणि यार्डात स्वतःचं इंजिन चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जूनच्या पहिल्या सरीनंतर आमच्या वर्कशॉपचा फोन सगळ्यात जास्त वाजतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. उन्हाळ्यात हेच इंजिन भरलेल्या वॅगन निमूट ओढत होतं, आता एक-दोन कमी केल्या तरी चाक गरगरतं आणि गाडी हलत नाही. पाठोपाठ प्रश्न येतो, हॉर्सपॉवर वाढवून मिळेल का? चाक फिरतंय म्हणजे हॉर्सपॉवर पुरेशी आहे, असं आम्ही सांगतो. कमी पडते ती रुळावरची पकड.

आधी एका शब्दाचा खुलासा. पेपरात ‘इंजिन घसरलं’ असं छापून येतं तेव्हा ते रुळावरून उतरलेलं असतं. इथे ते म्हणायचं नाही, म्हणून चाक जागच्या जागी गरगरण्यासाठी या पत्रकात आम्ही शेडमधलाच ‘स्लिप’ हा शब्द वापरला आहे.

पकड दोन गोष्टींवर ठरते, चाकावर किती वजन आहे आणि रूळ कसा आहे. स्वच्छ, कोरड्या रुळावर चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा ओढ मिळते, कधी थोडी जास्त. ओल्या रुळावर ती सहाव्या-सातव्या हिश्शावर येते आणि तेलकट चिखल असेल तर त्याहूनही खाली. मुंबईकराला याचं उत्तम उदाहरण कसाऱ्याला आणि कर्जतला दिसतं. तिथे गाडीला बँकर, म्हणजे मागून रेटणारी जादा इंजिनं, लागतात, कारण पुढे 37 मीटरला एक मीटर असा चढ आहे. 123 टनांचं इंजिन हजार टनांची गाडी घेऊन त्या चढावर निघालं, तर नुसत्या चढासाठी सुमारे 30 टन ओढ लागते. कोरड्या रुळावर त्याची पकडही साधारण तेवढीच. म्हणजे हातात काहीच शिल्लक राहत नाही, आणि घाटात पावसाळा चार महिने असतो. जास्तीची इंजिनं जोडली की ओढणारी चाकं वाढतात आणि पकड पुरते. मागून रेटल्यामुळे पुढच्या कपलिंगवरचा, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावरचा, ताणही कमी होतो.

तुमच्या सायडिंगला घाट नसेल, पण हिशेब तोच आहे. त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंजिन ओढायला लागलं की त्याचं वजन मागे सरकतं. चाक रुळाला जिथे टेकतं तिथे ओढ निर्माण होते, पण वॅगनचा विरोध लागतो तो रुळापासून सुमारे 1.1 मीटर उंचीवरच्या कपलिंगला. या उंचीच्या फरकामुळे इंजिन पुढून हलकं होतं आणि मागे बसतं.

आकड्यांत पाहू. 40 टनांचं चार चाकी इंजिन, दोन ॲक्सलमधलं (चाकांच्या जोडीचा आस) अंतर 3 मीटर, दोन्ही ॲक्सलना स्वतंत्र मोटर. उभं असताना प्रत्येक ॲक्सलवर 20 टन. ते 8 टनांनी ओढू लागलं की पुढच्या ॲक्सलवर 17 टन राहतात आणि मागच्यावर जवळपास 23. कागदावर 40 टनांचा चौथा हिस्सा 10 टन होतो, पण निम्मी ओढ हलक्या झालेल्या पुढच्या चाकांवर असल्याने ती 8.4 टनांच्या आसपासच पकड सोडतात. आता उभं असतानाच वाटणी बिघडलेली असेल, पुढे 18.5 आणि मागे 21.5 टन, तर तीच चाकं 7.8 टनांवर गरगरतात. फरक 600 किलोंचा. दीडशेला एक अशा चढावर 90 टनांच्या भरलेल्या वॅगनला चढापोटी नेमके तेवढेच 600 किलो लागतात. म्हणजे स्प्रिंगखालच्या दोन-चार शिममुळे (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) तुमची एक वॅगन यार्डातच राहते.

ॲक्सल एकमेकांना जोडलेले असतील, कार्डन शाफ्टने (ताकद पोचवणारा फिरता दांडा) किंवा चाकांना बाहेरून बांधणाऱ्या दांड्यांनी, तर हे गणित बरंच सौम्य होतं, कारण हलकं झालेलं चाक एकटं सुटू शकत नाही. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या जुन्या ‘खेकडा’ इंजिनांची चाकं अशीच दांड्यांनी बांधलेली होती, आणि आजही ते डिझाइन पाहिलं की आम्हाला त्या इंजिनिअरांचं कौतुक वाटतं. पण जोडलेल्या ॲक्सलचं वेगळं दुखणं आहे, ते म्हणजे चाकांचा व्यास. एक मीटरच्या चाकात आणि दुसऱ्या ॲक्सलच्या चाकात फक्त 5 मिलिमीटरचा फरक असला, तरी एका किलोमीटरमागे 5 मीटरचा हिशेब जुळत नाही. दोघांना फेरे सारखेच घ्यावे लागतात, त्यामुळे तेवढं अंतर कोणत्या तरी चाकाला रुळावर फरफटावं लागतं. शाफ्ट पिळला जातो, गिअरबॉक्स गरम होतो, आणि आधीच सरकणाऱ्या चाकाची पकड उरत नाही. म्हणून कृपा करून एकच ॲक्सल लेथवर पाठवू नका. जोडलेले ॲक्सल एकत्रच टर्न करायचे, म्हणजे त्यांची चाकं एकाच व्यासाला तासायची.

ॲक्सलवरचं वजन बरोबर आलं तरी काम संपत नाही. चारही चाकांचं वेगवेगळं वजन पाहावं लागतं. डगमगणाऱ्या टेबलाचे समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पायच भार घेतात, तसंच एक स्प्रिंग बसली की इंजिनाचं होतं. बेरीज चोख दिसते आणि एक चाक मात्र हलकंच फिरत असतं. असं चाक तीव्र वळणावर किंवा पॉइंटवर (रूळ बदलण्याच्या जागी) रुळावर चढू शकतं, आणि मग पेपरातलं ‘घसरणं’ खरंच घडतं. या एका कारणासाठी तरी मोजणी टाळू नये, असं आमचं कळकळीचं सांगणं आहे.

मोजणी करताना आम्ही प्रत्येक चाकाखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, ठेवतो. इंजिन हळू आणतो आणि शेवटी ब्रेक न मारता थांबवतो, कारण ब्रेकने स्प्रिंग आणि डँपर (हादरे शोषणारे) अडकून बसतात आणि आकडा खोटा येतो. मग तेच उलट दिशेने करतो. दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत एकही शिम हलवत नाही. आमची स्वतःची मर्यादा अशी: कोणताही ॲक्सल सरासरीपासून 2 टक्क्यांहून आणि कोणतंही चाक 4 टक्क्यांहून दूर नको.

काही ठिकाणी हलक्या टोकाला भंगाराचे तुकडे वेल्ड केलेले आम्ही पाहिले आहेत. वजन वाढवून पकड वाढते हे खरं, पण रूळ, पूल आणि फ्रेम किती भार सोसतील ते पाहिल्याशिवाय हे करू नका. बांधायचंच असेल तर जागा आणि वजन आम्ही काढून देऊ.

आता पकड वाढवायला चाकापुढे रुळावर सोडायची वाळू. मुंबईच्या हवेत ती कोरडी राहत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. भट्टीत वाळवलेली, चाळलेली वाळू रात्रभर उघड्या सँड बॉक्समध्ये राहिली की सकाळी गोळे होतात आणि पाइप तुंबतो. झाकणाचं रबर दर मे महिन्यात बदला. पाइपचं तोंड चाक आणि रूळ जिथे मिळतात तिथेच रोखलेलं हवं, नाहीतर वाळू खडीत जाते. स्लिप सुरू झाल्यावर आधी थ्रॉटल कमी करा, मग वाळू सोडा. जोरात फिरणाऱ्या चाकाखाली वाळू टाकली तर चाक एकदम पकडतं आणि गिअरला झटका बसतो. सतत वाळू सोडत राहणंही बरं नाही. सायडिंगला ट्रॅक सर्किट (रुळातल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) असेल तर रुळावरचा वाळूचा थर सिग्नलला चकवू शकतो.

आणि मुसळधार पावसाला फार घाबरू नका, तो रूळ धुऊन टाकतो. खरा त्रास भुरभुर पावसाचा आणि पहाटेच्या दमट हवेचा. तेव्हा धूळ, गंज आणि डिझेलचा ओशटपणा मिळून लेप तयार होतो. लोडिंगच्या जागी रुळावर सांडलेलं तेल त्याच दिवशी पुसून काढलं, तर आम्हाला बोलावण्याची वेळही कमी येईल.

आमची माणसं येण्याच्या आदल्या दिवशी डिझेलची टाकी आणि सँड बॉक्स अर्धे भरून ठेवा. हजार लिटर डिझेलचं वजन सव्वाआठशे किलोंच्या आसपास असतं. पूर्वी एका कामात आम्ही टाकी काठोकाठ असतानाच शिम बसवले होते, आणि महिन्याभरात तेच काम पुन्हा, आमच्या खर्चाने, करावं लागलं. शिवाय सपाट, सरळ असा इंजिनाच्या दुप्पट लांबीचा रूळ, चाकांचे शेवटचे मोजलेले व्यास आणि स्लिप नेमका कुठे, कोणत्या दिशेला जाताना होतो हे सांगणारा तुमचा ड्रायव्हर, एवढं हवं. ड्रायव्हर रजेवर असेल तर आम्ही दुसऱ्या दिवशी येऊ.