निक्सन यांचा ‘कल’ आणि नंतर आलेले कायदे: अमेरिकी अध्यक्ष परराष्ट्र धोरण कसं चालवतात, याची पार्श्वभूमी

युद्ध पुकारायचं काँग्रेसने म्हणजे अमेरिकी संसदेने, सैन्य चालवायचं अध्यक्षांनी, परदेशांशी करार करायचे अध्यक्षांनी आणि ते दोनतृतीयांश मतांनी मंजूर करायचे सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने. अमेरिकी राज्यघटनेतली ही वाटणी स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पाठ असते. फारसं लक्षात राहत नाही ते पुढचं. या वाटणीप्रमाणे अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक ही सगळी त्यानंतरची. काही वेळा काँग्रेसने ठराव करून अध्यक्षांना मोकळीक दिली. कोरियात १९५० मध्ये तेवढंही झालं नाही.

एकोणिसावं शतक दोन ओळींत आटोपता येतं. १८२३ मध्ये अध्यक्षांनी युरोपीय सत्तांना ‘अमेरिका खंडात आता नव्या वसाहती नकोत’ असं बजावलं, तेही काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशातून, कुठलाही कायदा न करता. उलट पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्षांनी स्वतः पॅरिसला जाऊन घडवलेला व्हर्सायचा तह सिनेटने फेटाळला. खरा बदल झाला १९४७ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद आली, आणि काही वर्षांतच तिचं कामकाज पाहणारा एक सल्लागार व्हाइट हाउसमध्ये बसू लागला. परराष्ट्रमंत्र्याच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते, या सल्लागाराच्या नेमणुकीला लागत नाही. संसदीय समित्यांपुढे येऊन उत्तरं द्यायची सक्तीही त्याच्यावर सहसा होत नाही. पुढचं प्रकरण समजायला एवढं पुरे.

ते प्रकरण १९७१ च्या बांगलादेश युद्धाचं. आपल्याकडे ते (अमेरिकेचं) ‘सातवं आरमार’ या दोन शब्दांत संपवतात, आणि तिथेच घोटाळा होतो. आरमार आलं ते शेवटच्या आठवड्यात. धोरण ठरलं होतं त्याच्या कितीतरी आधी.

२५ मार्चच्या रात्री पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली. ६ एप्रिलला ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीतून एक तार वॉशिंग्टनला गेली. मतभेद कळवण्यासाठी परराष्ट्र खात्याने नुकतीच एक अधिकृत सोय केली होती, तिचाच वापर करून वीस अमेरिकी कर्मचाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनावर ‘नैतिक दिवाळखोरी’चा ठपका ठेवला. वकिलातीचे प्रमुख असलेल्या कॉन्सुल जनरलनी त्यांना दुजोरा दिला. पुढे त्यांची तिथून उचलबांगडी झाली. दिल्लीतले अमेरिकी राजदूतही साधारण याच मताचे होते, आणि खात्यातले दक्षिण आशियाचे जाणकारही. म्हणजे ज्यांचं हे काम होतं, ते बहुतेक सगळे एका बाजूला होते.

दुसऱ्या बाजूला होते दोघे, अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर. निक्सन यांचा ‘कल’ म्हणतात तो हाच, पाकिस्तानकडे झुकलेला. एप्रिलच्या अखेरीस किसिंजर यांनी अध्यक्षांपुढे तीन पर्यायांची टिपणी ठेवली. पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्याखान यांना सरळ पाठिंबा, तटस्थतेचा पवित्रा, किंवा वाटाघाटीने तोडगा काढायला याह्यांना मदत. निक्सन यांनी तिसऱ्या पर्यायावर पसंतीची खूण केली. कागदावर हा पर्याय किती समजूतदार दिसतो पाहा. पण खाली त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांसाठी एक ओळ लिहिली: याह्यांना या घडीला पिळू नका. त्यातल्या ‘नका’खाली तीन रेघा ओढलेल्या आहेत. पुढचे सात महिने अमेरिकेचं धोरण चाललं ते या रेघांवर. टिपणीतला पर्याय दप्तरी राहिला. अमेरिकी धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने आधी समासातलं वाचावं, छापील मजकूर नंतर, असं माझं मत या एका कागदामुळे झालं आहे.

एवढी पाठराखण कशासाठी? उत्तर चीनमध्ये होतं. पेकिंगशी (आजच्या बीजिंगशी) बोलणी सुरू करायला याह्यांची मध्यस्थी चालू होती, आणि जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानात आजारी पडल्याचं सोंग करून तिथून गुपचूप पेकिंगला जाऊन आले. परराष्ट्र खात्याच्या बहुतेक अधिकाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. पाकिस्तानवर दबाव का आणत नाही, असा प्रश्न ते रोज विचारत होते. उत्तर माहीत असलेली मंडळी ते सांगत नव्हती. बचाव करणारे म्हणतात, चीनचं दार उघडणं हा शतकातला मोठा डाव होता आणि त्यासाठी ही किंमत मोजणं भाग होतं. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण तारखा लावून पाहिल्या की तो लंगडा पडतो. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर चीनभेटीची घोषणा केली. त्यानंतर टपाल पोचवायला याह्यांची गरज उरली नाही. रुमानियामार्फतही एक वाट आधीपासून होतीच. तरीही कल बदलला नाही, उलट वाढला. यावर बचावपक्षाचं दुसरं उत्तर येतं: मित्राला वाऱ्यावर सोडणाऱ्या अमेरिकेवर चीनने विश्वास का ठेवावा? हे उत्तर पहिल्यापेक्षा बरं आहे, पण ते पहिल्यापेक्षा वेगळं आहे. वादात ही दोन्ही उत्तरं एकच असल्यासारखी वापरली जातात.

शिवाय टेप आहेत. फेब्रुवारी १९७१ पासून व्हाइट हाउसमध्ये बोलणं आपोआप ध्वनिमुद्रित होत होतं. इंदिरा गांधींबद्दल आणि एकूण भारतीयांबद्दल त्या खोलीत जे शब्द वापरले गेले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. २००५ मध्ये ती संभाषणं अधिकृतपणे छापली गेल्यावर किसिंजर यांनी आपल्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. शब्दांबद्दल, धोरणाबद्दल नव्हे.

शस्त्रांची गोष्ट अधिक किचकट आहे. मार्चनंतर पाकिस्तानला लष्करी माल जात नाही, असा समज वॉशिंग्टनने होऊ दिला होता. जूनमध्ये एका मोठ्या अमेरिकी दैनिकाने छापलं की लष्करी माल घेऊन पाकिस्तानी जहाजं न्यूयॉर्कहून कराचीला निघाली आहेत. खुलासा आला, हे जुने परवाने आहेत, नवे देत नाही. जुलैमध्ये ‘पद्मा’ नावाचं जहाज बाल्टिमोर बंदरात यायचं होतं, तेव्हा शांततावादी कार्यकर्त्यांनी वल्ह्याच्या छोट्या होड्या त्याच्यासमोर आडव्या घातल्या आणि अटक करवून घेतली. काँग्रेसमध्ये पाकिस्तानची मदत तोडण्याच्या दुरुस्त्या मांडल्या गेल्या. उरलेसुरले परवाने रद्द व्हायला नोव्हेंबर उजाडला.

३ डिसेंबरला युद्ध भडकलं आणि पाकिस्तानला विमानं हवी झाली. अमेरिकेला स्वतः ती देता येत नव्हती. मग जॉर्डनला दिलेली एफ-१०४ विमानं जॉर्डननेच पाकिस्तानला पाठवावीत, अशी युक्ती निघाली. सरकारी वकिलांचा सल्ला स्पष्ट होता. जे आपण थेट देऊ शकत नाही, ते दुसऱ्याच्या हातून देणंही कायद्यात बसत नाही. हे कायद्याला धरून नाही, हे किसिंजर यांनी निक्सन यांना सांगितलं. तो संवाद टेपवर आहे. विमानं गेली. १९७१ मधल्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्या आरमारातल्या अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू जहाजापेक्षाही. नौदल हलवायचा अधिकार अध्यक्षांना होताच. इथे मात्र कायदा आडवा आहे हे कळूनही पाऊल पुढे पडलं.

‘एंटरप्राइज’ मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बंगालच्या उपसागरात शिरली तोवर ढाक्याच्या शरणागतीला जेमतेम दिवस उरला होता. जाहीर कारण अमेरिकी नागरिकांच्या सुटकेचं होतं, पण बहुतेक परदेशी तोवर बाहेर पडले होते. टेप ऐकल्या तर इशारा दिल्लीइतकाच मॉस्कोला आणि पेकिंगला होता. रशियन पाणबुड्यांनी अमेरिकी आरमाराला पळवून लावलं ही आपली आवडती कथाही तितकीच तपासून घ्यावी. रशियन जहाजं मागावर होती एवढं खरं. आणि ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात ११. भारत त्या अकरांत होता. आपल्या कथनात हा आकडा सहसा येत नाही.

पुढची पाच-सहा वर्षं काँग्रेसने कायद्यांची रांग लावली. कारण मुख्यतः व्हिएतनाम आणि कंबोडिया, मग निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण. दक्षिण आशिया त्यात कडेला होता. परदेशांशी केलेले प्रशासकीय करार ६० दिवसांत काँग्रेसला कळवायचे, असं १९७२ मध्ये ठरलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून युद्धाधिकारांचा ठराव आला. सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा, संमती नसेल तर ६० दिवसांत थांबवा, माघारीला फार तर आणखी ३० दिवस. २०११ मध्ये लिबियात हे ६० दिवस उलटले, तेव्हा अध्यक्षांच्या वकिलांनी युक्तिवाद केला की जमिनीवर सैनिक नाहीत, समोरून फारसा मारा नाही, म्हणजे कायद्याच्या अर्थाने ही लढाईच नव्हे. न्याय खात्यातल्या कायदेतज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. बॉम्बहल्ले चालू राहिले.

काँग्रेसने दुसरा एक मार्ग काढला, अध्यक्षांकडून दाखला मागण्याचा. १९८५ च्या दुरुस्तीने पाकिस्तानच्या मदतीसाठी अट घातली: त्या देशाकडे अणुबॉम्ब नाही, असं अध्यक्षांनी दर वर्षी लिहून द्यायचं. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या तोवर दाखला मिळत गेला. फौजा १९८९ मध्ये परतल्या आणि १९९० मध्ये दाखला मिळाला नाही. पाकिस्तानची २८ एफ-१६ विमानं अडकली. एवढ्या अवधीत पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमापेक्षा अमेरिकेची गरजच जास्त बदलली होती. भारताच्या वाट्याला याच्या दोन्ही बाजू आल्या. मे १९९८ च्या चाचण्यांनंतरचे निर्बंध कायद्यानेच बांधलेले होते, अध्यक्षांच्या हातात फारसं काही नव्हतं. दहा वर्षांनी नागरी अणुकराराला अध्यक्षांनीच रेटा दिला, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये सिनेटने तो ८६ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्याबद्दल तुर्कस्तानवर २०२० मध्ये निर्बंध आले. भारतावर आले नाहीत, आणि भारताला सूट दिली असंही कुठल्या अध्यक्षांनी जाहीर केलं नाही. काहीच न करणं हाही अध्यक्षांच्या हातातला एक निर्णय असतो.

या सगळ्या कायद्यांचे दात मात्र एका भलत्याच खटल्याने काढले. केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा, ओहायोत शिकायला आलेला एक विद्यार्थी व्हिसाची मुदत संपल्यावरही तिथेच राहिला. सरकारी अधिकाऱ्याने त्याला राहू द्यायचं ठरवलं, प्रतिनिधिगृहाने एकतर्फी ठराव करून तो निर्णय फिरवला. जून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अध्यक्षांची सही टाळून नुसत्या ठरावाने असा निर्णय रद्द करता येणार नाही. परराष्ट्र धोरणाशी या खटल्याचा काही संबंध नव्हता. पण सत्तरच्या दशकातल्या कायद्यांचा लगाम याच प्रकारच्या ठरावांचा होता. आता असा ठराव अध्यक्षांपुढे सहीला जातो, ते नकार देतात, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश लागतात. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातला सहभाग थांबवण्याचा ठराव सिनेटने ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी संमत केला. ट्रम्प यांनी तो नाकारला. सिनेटमध्ये फेरमतदानात बाजूने पडली ५३ मतं, आणि ठराव पडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचं कारण देऊन भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लागलं, एकूण ५० टक्के, तेव्हा मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या निर्यातदारांना त्याची झळ बसली. तो आदेश निघाला होता १९७७ च्या, अध्यक्षांवर अंकुश ठेवण्यासाठी म्हणून केलेल्या, आर्थिक आणीबाणीच्या कायद्याखाली. कायद्यात शुल्काचा उल्लेखच नाही, हा मुद्दा घेऊन अशा आदेशांविरुद्ध व्यापारी आणि काही राज्यं न्यायालयात गेली. काँग्रेसच्या वाटेने आणीबाणी संपवायची, तर अध्यक्षांच्या नकारानंतर सिनेटमधल्या १०० पैकी ६७ आणि प्रतिनिधिगृहातल्या ४३५ पैकी २९० मतांची बेरीज जुळवावी लागते.