जाळं न टाकता मासे धरणारा कोळी

आपल्याकडे भिंतीवरचा कोळीही कोळी आणि होडीतून मासे धरणाराही कोळीच. हे दोन्ही अर्थ ज्याला एकदम लागू पडतात असा एक कोळी ब्रिटनच्या दलदलीत राहतो, त्याचं नाव फेन राफ्ट स्पायडर, शास्त्रीय नाव डोलोमेडिस प्लँटॅरियस. गडद तपकिरी रंग, अंगाच्या दोन्ही कडांना बहुतेक वेळा पिवळसर पांढरे पट्टे, आणि मादीने पाय पसरले की साधारण 7 सेंटिमीटर, म्हणजे तळहात जवळजवळ भरतो.

शिकारीसाठी हा जाळं विणतच नाही, तळ्याचं पाणी हेच त्याचं जाळं. मागचे पाय एखाद्या देठावर आणि पुढचे पाण्यावर अलगद टेकवून तो तासन्‌तास बसतो. पायांवरच्या बारीक केसांमुळे पाणी पायाला धरत नाही, त्यामुळे तो बुडत नाही, आणि पाण्यात कुणी जरा जरी हललं तर तो तरंग थेट पायाला कळतो. मग पाण्यावरून धावत जाऊन झडप! पाणनिवळ्या, चतुराची पिल्लं, बेडूकमासे, कधीकधी छोटा मासासुद्धा. धोका वाटला तर देठ धरून सरळ पाण्याखाली जातो, तेव्हा अंगाभोवती हवेचा पातळ थर राहतो आणि तो चक्क चांदीसारखा चमकतो.

आता मुद्द्याचं. ब्रिटनमध्ये हा कोळी 1956 मध्ये पहिल्यांदा सापडला, पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक आणि सफोक परगण्यांच्या सीमेवरच्या रेडग्रेव्ह अँड लोफम फेन या दलदलीत, शोधणारे शास्त्रज्ञ एरिक डफी. आणि पुढच्या काहीच वर्षांत त्याच दलदलीला लागून पाणीपुरवठ्यासाठी मोठी बोअरवेल सुरू झाली. बोअर मारल्यावर शेजारची विहीर आटते हे आपल्याकडे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, इथे विहिरीच्या जागी अख्खी दलदल होती. वर्षानुवर्षं जमिनीखालून झिरपून वर येणारं पाणी खाली गेलं, झुडपं वाढली आणि कोळी मोजक्या डबक्यांपुरता उरला. दुष्काळात ती डबकीसुद्धा खोल करावी लागली, त्यात बाहेरून पाणी सोडावं लागलं. शेवटी 1999 मध्ये ती बोअर बंद करून दुसरीकडे हलवली. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं काम वाटतं, कारण पाणी परत आलं नसतं तर पुढचं काहीच टिकलं नसतं.

पाणी आलं तरी कोळी फार पसरेना. इतर कोळ्यांसारखं धाग्यावर वाऱ्याबरोबर दूर उडून जायची याला फारशी सवय नाही आणि मधे सगळी कोरडी शेतं. बाकी देशात याच्या वस्त्या दोनच माहीत होत्या, ससेक्समधली पेव्हन्सी लेव्हल्स आणि वेल्समध्ये स्वॉन्झीजवळची. मग कोळ्यांच्या अभ्यासक हेलन स्मिथ यांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो. त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात हजारो पिल्लं वाढवली, प्रत्येक पिल्लू वेगळ्या टेस्टट्यूबमध्ये, कारण एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, आणि प्रत्येकाला चिलटांसारख्या फळमाश्या हाताने भरवायच्या!! नंतर प्राणीसंग्रहालयंही मदतीला आली. 2010 मध्ये सफोकच्या कॅसल मार्शेसमध्ये पहिली पिल्लं सोडली, ती रेडग्रेव्ह आणि पेव्हन्सीच्या कोळ्यांच्या संकरातून झालेली, म्हणजे छोट्या वस्तीत रक्त तेच तेच राहू नये. मग कार्लटन मार्शेस, मग नॉरफोकमध्ये येअर नदीकाठची कुरणं. तिथल्या चरांमधलं पाणी स्वच्छ आणि वॉटर सोल्जर नावाची काटेरी पानांची वनस्पती भरपूर, ती यांना फारच मानवते.

का, ते मादीकडे बघितलं की कळतं. अंड्यांची गोल पिशवी ती साधारण तीन आठवडे तोंडाखाली धरून फिरते, वाळू नये म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवून ओली करते. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की पाण्याच्या जरा वर, त्या ताठ पानांमध्ये ती तंबूसारखं जाळं विणते, शिकारीसाठी नाही, बाळांसाठी, आणि शेकडो पिल्लं पांगेपर्यंत राखण करत बसते. एरवी हा कोळी दिसणं मुश्कील, म्हणून अभ्यासक उन्हाळ्याच्या शेवटी चरांच्या काठाने चालत हीच जाळी मोजतात, आणि जिथे सुरुवातीला टेस्टट्यूबमधून पिल्लं सोडली होती तिथे आता त्यांना मोजायला भरपूर जाळी मिळतात.