विमानातून उतरलेली बाई किती वेळा मोजली जाते?

एक बाई विमानातून उतरते, पासपोर्टवर शिक्का मारून घेते आणि देशात शिरते. आठवडाभर फिरते, मध्येच दोन दिवस बसने शेजारच्या देशात जाऊन येते आणि मग घरी परतते. त्या देशात किती परदेशी पर्यटक आले? आपण म्हणू एक. सीमेवरच्या नोंदींवरून केलेला सरकारी तक्ता म्हणेल दोन. कारण तिथे माणसं मोजत नाहीत, आगमनं मोजतात.

म्हणून २०१९ साली जगात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक आले, हे वाक्य जरा जपून वाचावं. वर्षातून वीस वेळा परदेशी बैठकांना जाऊन मुक्काम करणारा एकटा गृहस्थ त्यात वीस जागा अडवून बसलेला असतो.

बैठकीला जाणारा पर्यटक कसा, असं कुणी विचारेल. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींनुसार तोही पर्यटकच. नेहमीच्या वावराबाहेर जायचं, एक वर्षाहून कमी काळ राहायचं आणि तिथल्या मालकाकडे नोकरी करायची नाही, एवढ्याच अटी. मग हेतू सुट्टी असो, लग्न असो, शस्त्रक्रिया असो की तीर्थयात्रा. एक रात्र काढली की पर्यटक, त्याच दिवशी परतला की नुसता दिवसभराचा पाहुणा. १९३७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) तज्ज्ञांनी किमान २४ तासांची अट घातली होती, तिचंच हे बदललेलं रूप. या एका रात्रीवर बरंच अवलंबून असतं. चीनच्या मकाव शहरात २०१९ साली ३ कोटी ९० लाखांवर लोक आले, पण त्यातले निम्म्याहून जास्त मुक्कामाला थांबलेच नाहीत. बातमीत मोठा आकडा छापायचा की छोटा, हे बातमी देणाऱ्याच्या मर्जीवर.

आणखी एक गाठ म्हणजे पासपोर्ट की पत्ता. आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो, माणूस राहतो कुठे ते पाहा. भारत मात्र वर्षानुवर्षं परदेशी पासपोर्टधारकांचं आगमन हाच मुख्य आकडा देत असे. परदेशात स्थायिक झालेले भारतीय नागरिक त्यातून सुटायचे. पुढे त्यांचीही भर घातलेला वेगळा आकडा जाहीर होऊ लागला आणि २०१९ ची संख्या १ कोटी ९ लाखांवरून १ कोटी ७९ लाखांवर गेली. विमानं तीच, माणसंही तीच.

सीमेवर निदान एक फाटक तरी असतं. पण फाटकच नसेल तर? युरोपच्या शेंगेन देशांमध्ये मोटारीने सीमा ओलांडताना बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. मग जर्मनीसारखा देश हॉटेलांच्या नोंदवहीकडे वळतो. आपली बाई तीन शहरांत तीन हॉटेलांत उतरली की तीनदा नोंदली जाते आणि मावशीकडे उतरली तर एकदाही नाही. एका देशाने फाटकावर मोजलेलं आणि दुसऱ्याने हॉटेलात मोजलेलं एकाच यादीत खाली-वर लावून पहिला-दुसरा क्रमांक काढणं मला तरी धाडसाचं वाटतं.

तिसरा मार्ग नमुना पाहणीचा. ब्रिटनमध्ये १९६१ पासून विमानतळांवर आणि बंदरांवर ठरावीक अंतराने एकेका प्रवाशाला थांबवून विचारलं जाई: कुठून आलात, किती दिवस राहिलात, किती खर्च केला? थोड्यांची उत्तरं सगळ्यांवर पसरवायची. पर्यटनासाठी रचलेल्या याच पाहणीवरून पुढे स्थलांतराचेही अंदाज काढले गेले आणि तिथे गडबड झाली. स्वस्त विमानं छोट्या विमानतळांवर उतरू लागली, पाहणी करणारे मात्र मोठ्या विमानतळांवर उभे. २०११ च्या जनगणनेनंतर कळलं, की दहा वर्षांतलं निव्वळ स्थलांतर सुमारे ३ लाख ४६ हजारांनी कमी धरलं गेलं होतं.

इंडोनेशियाने २०१६ पासून चौक्या नसलेल्या सीमाभागासाठी मोबाइलच्या संकेतांची मदत घेतली. युक्ती चांगली, पण मोबाइलच्या लहरी सीमा पाळत नाहीत. पलीकडे स्वतःच्या घरात झोपलेल्या माणसाचा फोन अलीकडचा टॉवर पकडतो आणि तो अंथरुणातच पर्यटक होतो. अशा नोंदी गाळायला वेगळे नियम बसवावे लागतात.

डोकी मोजून झाली की पैसे. आपल्या बाईने परक्या देशात केलेला खर्च त्या देशाच्या आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याच्या हिशेबात ‘प्रवास’ या खात्यात जमा होतो. म्हणजे ती निर्यातच, फक्त माल बाहेर जाण्याऐवजी गिऱ्हाईक आत येतं. विमानाचं तिकीट मात्र ‘वाहतूक’ खात्यात जातं आणि तेही कंपनी त्या देशाची असेल तरच. डोकी आणि पैसे यांचं प्रमाण जुळेलच असं नाही. पर्यटकांच्या संख्येत फ्रान्स पुढे असतो, तर त्यांच्याकडून होणाऱ्या कमाईत अमेरिका.

खरा पेच यानंतर येतो. पोलाद कारखान्यातून बाहेर पडतं. पर्यटन कुठून बाहेर पडतं? देशाच्या हिशेबात शेती, बांधकाम, वाहतूक अशा उद्योगांच्या ओळी असतात, पर्यटनाची ओळच नसते. कारण उद्योग ठरतो विकणाऱ्यावरून आणि पर्यटन ठरतं विकत घेणाऱ्यावरून. एकाच टॅक्सीत सकाळी शेजारी बसतो आणि दुपारी पर्यटक.

यावर तोडगा म्हणजे मुख्य हिशेबाभोवती फिरणारं वेगळं खातं. याला म्हणतात टुरिझम सॅटेलाइट अकाउंट. त्यात प्रत्येक उद्योगातला पर्यटकांचा वाटा सोडवून घेतात. समजा एका उद्योगाची विक्री १०० रुपये, त्यातली ३० रुपयांची पर्यटकांना. कच्चा माल, वीज, भाडं वगैरे वजा जाता उद्योगाने स्वतः घातलेली भर ५० रुपये. मग जीडीपीतला पर्यटनाचा वाटा त्या ५० च्या ३० टक्के, म्हणजे १५ रुपये. पर्यटकाने दिलेले ३० आणि हिशेबात धरायचे १५ यांतला फरक भाषणांत हमखास विसरला जातो.

याच हिशेबाने जागतिक जीडीपीत पर्यटनाचा थेट वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास येतो. पण वर्ल्ड ट्रॅव्हल अँड टुरिझम कौन्सिल ही बड्या प्रवासी कंपन्यांची संघटना २०१९ साठी सुमारे दहा टक्के सांगते. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. संघटना हॉटेलला चादरी पुरवणारा गिरणीवालाही धरते आणि हॉटेलच्या नोकराने पगारातून घेतलेला पंखाही. पण असाच हिशेब शेतीने केला, वाहतुकीने केला, बँकांनी केला, तर सगळ्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पार जाईल. तोच गिरणीवाला प्रत्येकाच्या यादीत असेल.

आपली बाई मात्र अजून पुरती हिशेबाबाहेर गेलेली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच्या गावात प्रवासासाठी बॅग घेतली होती. नियमाप्रमाणे तो खर्च तिच्याच देशाच्या पर्यटन खात्यात पडतो. बॅग तिसऱ्याच देशात तयार झाली असेल, तर त्या किमतीतून तिच्या देशाच्या जीडीपीत उरते ती मुख्यतः आयातदाराची आणि दुकानदाराची भर.